किल्ली माझ्या कमरेला

मला एक सवत होती. तिला लुगडं लागत नव्हतं, भाकर लागत नव्हती, आणि तिच्या झिंज्या धरायच्या म्हटलं तर तिला केसही नव्हते. ती म्हणजे माझ्या नवऱ्यानं घेतलेलं एक व्रत. हाडामांसाच्या बाईवर मी जेवढी जळले नसते, तेवढी त्या व्रतावर जळले.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. आम्ही पुलगावला गिरणीजवळच्या चाळीत राहायचो. पुढच्या खोलीत चूल आणि माठ, आतल्या खोलीत माझ्या माहेरून आलेला नेवारीचा पलंग. सासूबाई तळेगावला थोरल्या दिरांकडे, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. हे गिरणीच्या रुईगोदामात कारकून. संध्याकाळी भोंगा झाला की घरी यायचे ते केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीवर रुईचे पांढरे पुंजके घेऊन. सकाळी तरुण माणूस गेलेला आणि संध्याकाळी त्याचा आजा परत आलेला! मी त्यांना दारातच पाटावर बसवायचे आणि एकेक पुंजका वेचायचे. समोरच्या खोलीतली शेजारीण, जिची जीभ कैचीसारखी चाले, ती ओरडायची, "झाली का वो माकडीण सुरू?" मी म्हणायचे, "तुह्या माकडाले बी आण, त्याचंही पाहून देतो!" दिवसभरातला तो वेळ माझा होता. त्याच्यात कुणी वाटेकरी नव्हता.

आमच्या जिल्ह्यात तेव्हा व्रतांची मोठी हवा होती. कुणी मीठ सोडी, कुणी साखर सोडी, कुणी चपला. आणि चांगली लग्न झालेली, धडधाकट माणसं ब्रह्मचर्य घेत. तेही गुपचूप नव्हे. रविवारच्या प्रार्थनेनंतर चारचौघांत उभं राहून जाहीर करत. आमचे हे दर रविवारी वर्ध्याकडच्या एका आश्रमात जायचे. तिथं एक वयस्क गृहस्थ होते, त्यांना सगळे तात्याजी म्हणत. बोलायला गोड, वागायला सज्जन. त्यांच्यावर राग धरावा असं त्यांच्यात काहीच नव्हतं, आणि याचाच मला जास्त राग यायचा.

दिवाळी झाली आणि एका रविवारी ह्यांनी घरी येऊन पाय धुतले, टॉवेलनं तोंड पुसलं आणि टॉवेलमधूनच सांगितलं, "संक्रांतीपर्यंत मी ब्रह्मचर्य पाळून राह्यलो."

"कोणाले विचारून?"

"तात्याजी म्हणे, सुरुवातीले थोडंच करा."

"तात्याजी झोपते का आपल्या पलंगावर?"

हे घोंगडी घेऊन पुढच्या खोलीत गेले. माझी काय अवस्था झाली म्हणता! नवरा दुसऱ्या बाईकडे गेला असता तर चार बायका माझ्या बाजूनं तरी बोलल्या असत्या. इथं सगळी चाळ त्यांचं कौतुक करत होती. शेजारीण मला म्हणाली, "नशीबवान आहेस बाई. आमचं ध्यान तर सण पाह्यत नाई की वार." ती तक्रार करत होती की मिरवत होती देव जाणे, पण त्या ध्यानाचाही मला हेवा वाटला.

दोन-चार दिवस मी भांडी आपटली. मग माझ्या ध्यानात आलं की माझं दुखणं उपासाचं नव्हतंच. उपास मीही करते. दुखणं हे होतं की आमच्या दोघांच्या गोष्टीचा निकाल तिसऱ्याच गावात लागला होता. मग मी एके दिवशी वांग्याची भाजी केली, वर भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरला, ह्यांना पोटभर जेवू घातलं आणि विडा हातात देऊन म्हटलं, "पाळा तुमचं व्रत. पण किल्ली माह्यापाशी राहील."

"कायची किल्ली?"

मी माहेरच्या पेटीचं पितळी कुलूप आणलं आणि आतल्या खोलीला घातलं. किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून कमरेला खोचली. "आजपासून तुमी किती दिवस थांबाचं ते तात्याजी नाई ठरवणार, तुमी बी नाई. मी ठरवीन. रोज दिवेलागणीले तुमी मले विचारसान, आज उघडतं का? मी हो म्हणीन नाई तर नाई म्हणीन. मंजूर असंल तर सांगा. नसंल तर हे कुलूप पेटीले परत."

ह्यांनी विडा गालात सरकवला. कान आधी लाल झाले, मग हसू फुटलं. म्हणाले, "अन् तू नाई म्हटलं तर?"

"तर थांबाचं."

"अन् लय दिवस नाईच म्हणत राह्यली तर?"

"तर लय दिवस थांबाचं."

"मंजूर," हे इतक्या चटकन म्हणाले की मला कळलं, हा माणूस व्रत घेऊन आला होता खरा, पण त्याला हवा होता तो हा खेळ.

आता तुमच्यापैकी कुणाला हा खेळ ठाऊक नसेल आणि विचारायची लाज वाटत असेल, तर मला वाटत नाही. ऐका. यात एकजण थांबतो आणि दुसरा थांबवतो, आणि मजा दोघांची असते. कुलूप असलं काय, नसलं काय, नुसता शब्दही चालतो. पण हो म्हणायचं ते पोट भरलेलं असताना, हसत. रुसव्यात किंवा भीतीपोटी दिलेला होकार होकार नव्हे. नवख्यानं एकदम संक्रांतीवर उडी मारू नये. आम्ही बाजाराच्या दिवसापर्यंतच ठरवायचो आणि बाजार झाला की पुन्हा एकमेकांना विचारायचो, पुढं न्यायचं का? आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खेळ मोडायची मुभा दोघांनाही हवी. आमची खूण अशी, की उंबऱ्यावर तांब्या पालथा ठेवला की खेळ तिथंच संपला. कोणी ठेवला, काऊन ठेवला, हे रागानं विचारायचं नाही. आधी कुलूप काढायचं, मग बोलायचं.

आणि जिच्याकडे किल्ली तिला काम फार! लोकांना वाटतं, किल्ली कमरेला लावली की झाली राणी. छे. थांबणाऱ्याला विसरलात तर तो नुसताच उपाशी माणूस. त्याला आठवण देत राहावं लागतं की बाबा, तुझं थांबणं मला दिसतंय. मी पाणी भरायला जाताना किल्ली मुद्दाम वाजवायचे. हे जेवत असले की ताक वाढायला वाकायचे आणि दोरा ह्यांच्या नाकासमोर झुलवायचे. हात फक्त केसांपर्यंत, असा नियम मीच केला होता. त्यामुळे रुईचा एकेक पुंजका निघायला आता पहिल्यापेक्षा फार वेळ लागू लागला. कानामागचा पुंजका मी शेवटी ठेवायचे. दिवा लागला की हे समोर उभे राहात, लहान तोंड करून विचारत, "आज?"

"आज नाई."

"काऊन पण?"

"माह्या मनात नाई म्हणून."

आणि हा माणूस असा तजेलदार दिसू लागला, की काय सांगू! बाजाराला बरोबर आले की माझी पिशवी धरत. मी तुरीच्या शेंगा घेतल्या की बसून सोलून देत. बाजाराच्या संध्याकाळी कधी मी हो म्हणायचे. त्या संध्याकाळचं मी इथं लिहिणार नाही. भाकरी करपायच्या एवढं सांगते.

सगळं असं रंगात आलं आणि तिथंच घोळ झाला. आमच्या भागातल्या माणसांनाच व्हावा असा घोळ.

ह्यांच्या तोंडावरचं तेज तात्याजींनी पाहिलं. आता ते तेज कशाचं ते मला ठाऊक, ह्यांना ठाऊक. पण आश्रमात त्याचा अर्थ एकच निघाला. प्रार्थनेनंतर तात्याजींनी ह्यांना उभं केलं आणि सगळ्यांना म्हणाले, "संयमानं माणूस कसा उजळतो, पाहा." ह्यांना खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगता येईना, म्हणून हे नुसते हात जोडून उभे राहिले. ते नम्रतेत धरलं गेलं. मग तात्याजींनी विचारलं, "आता जन्मभराचं का घेत नाही?"

हे मला घरी येऊन हसत सांगतील असं वाटलं. सांगितलं, पण हसले नाहीत. त्या संध्याकाळी दिवा लागला आणि ह्यांनी "आज?" विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही.

मी किल्ली वाजवली. ताक वाढलं. मुद्दाम कुलपाशी खुडबुड केली. हे टकळी घेऊन सूत कातत बसलेले, आणि सूतही असं बारीक निघत होतं की मला त्या टकळीची मान मुरगळावीशी वाटली. दिवसभर गिरणीत रुई पाहून माणसाचं मन कसं भरत नाही! ज्या किल्लीसाठी कुणी विचारतच नाही ती कमरेला टोचायला लागते. माझ्याच खेळानं नवऱ्याला उपासाची गोडी लावून दिली आणि ताट सवतीसमोर नेऊन ठेवलं, असं मला झालं. शेजारणीनं हटकलंच, "काऊन वो, तोंड का असं? किल्लीनं खाल्लं का तुले?" तिला काही माहीत नव्हतं, पण लागलं नेमकं.

शनिवारी संध्याकाळी भोंगा झाला. मी दारात पाट टाकून बसले. हे आले, आणि मी पाहतच राहिले. डोकं जवळजवळ तासलेलं. बाजारातल्या न्हाव्याकडून बारीक करून आलेले. जन्मभराचं व्रत घ्यायच्या आधी केस काढायची तिथली पद्धत मला ठाऊक होती. आणि त्या डोक्यावर रुईचा एक पुंजका नव्हता. वेचायला काही ठेवलंच नव्हतं! माझ्या हक्काची एवढीशी जागा होती, तीही न्हाव्यानं झाडून नेली.

मी आत गेले, तांब्यातलं पाणी माठात ओतलं आणि तांब्या उंबऱ्यावर पालथा ठेवला. कुलूप काढलं. किल्ली तांब्याच्या बुडावर ठेवली आणि पलंगावर जाऊन पाठ करून बसले.

हे मग आले आणि खाली जमिनीवर बसले.

"तांब्या तू काऊन पालथा केला? थांबून तर मी राह्यलो होतो."

"तुमी मागणंच सोडलं. मंग मी कायची राखण करू? जा, घ्या उद्या जन्मभराचं. त्या व्रताचीच पाठ चोळत बसजा."

"मी मागणं सोडलं ते दिसलं तुले," हे म्हणाले. "अन् तू कधी मागतलं, ते सांग. रोज मीच उभा राहून 'आज?' करतो. तुले माह्यासाठी एक दिवस तरी जड गेलं का? तू आपली किल्ली वाजवत हिंडतं. मले वाटलं, हिले मी उंबऱ्याबाहेरच बरा वाटतो. मंग म्हटलं, बाहेरच राहाचं तर जन्मभर राहू."

मी वळून पाहिलं. ह्यांचे डोळे किल्लीवर होते, आणि ते जे डोळे होते ते मी ओळखले. आरशात रोज पाहत होते मी ते.

"तुमी किल्लीवर जळता?"

"दिवसभर तुह्या कमरेले राह्यते ते. जळू नाई तर काय करू?"

काय हसलो आम्ही! शेजारीण भिंतीवर थापा मारायला लागली. मी व्रतावर जळत होते, हे लोखंडाच्या टीचभर तुकड्यावर जळत होते, आणि दोघंही आपापल्या जागी उपाशी. मी त्या तासलेल्या डोक्यावरून हात फिरवला. खरखरीत लागलं, नव्या कुंच्यासारखं. म्हटलं, "जड गेलं. रोज जातं. 'आज नाई' म्हणताना जीभ चावतो मी." हे मला आधी सांगायला हवं होतं, हे दोघांनाही तेव्हा कळलं.

मग ह्यांनी किल्ली उचलली. "आता माह्याजवळ राहू दे. बाजाराच्या दिवसापर्यंत. तू मागजो."

"मी?"

"मंजूर नसंल तर तांब्या पालथाच हाय अजून."

मी उठले आणि तांब्या सरळ केला.

दुसऱ्या दिवशी मीही आश्रमात गेले. बायकांच्या बाजूला बसले. प्रार्थना झाली, तात्याजींनी ह्यांचं तासलेलं डोकं पाहिलं आणि मोठ्या आनंदानं म्हणाले, "ठरलं ना मग?"

हे उठले.  काल रात्रीपर्यंतचा भरवसा वेगळा आणि शंभर डोळ्यांसमोरचा वेगळा.

"तात्याजी, माफ करा," हे म्हणाले, "हे माह्या एकट्याच्या हातचं नाई. आमच्या घरी असं ठरलं हाय, की जे होईल ते दोघांच्या होकारानं. अन् आमचं चांगलं चालून राह्यलं."

मंडळी कुजबुजली. तात्याजी क्षणभर गोंधळले, पण माणूस मोठा, म्हणाले, "दोघांचा होकार. हेही व्रतच आहे, आणि ते अवघड आहे." ह्यांनी हात जोडले. बसताना उजवा हात कोटाच्या खिशाला लावला आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायची गरज नव्हती. खिशात काय आहे ते त्या सगळ्या सभेत मला एकटीला ठाऊक होतं.

सोमवारी ती किल्ली ह्यांच्याबरोबर गोदामात गेली. दिवसभर रुईच्या गठ्ठ्यांमधून हिंडली, ह्यांच्या बोटांत फिरली, आणि मी घरी ज्वारी निवडत तिच्यावर जळत बसले. संध्याकाळी भोंगा झाला. हे पाटावर बसले. केस नव्हते, पण भुवईत एक पुंजका होता, आणि तो ह्यांनी मुद्दाम ठेवून आणला होता. मी तो वेचला. दिवा लावला. पदर सावरून समोर उभी राहिले आणि लहान तोंड करून विचारलं, "आज?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, खिशातली किल्ली एकदा वाजवली, आणि गालातल्या गालात हसत म्हणाले, "आज नाई."