आबांनी सोडलेली काठी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेत गुडघे टेकले तरी या गोष्टीपाशी येऊन मी दर वेळी मागं फिरलो आहे. आज संक्रांतीच्या काठ्या आमच्या शाळेवरून गेल्या, ‘हर्र’चा गजर झाला, आणि मी घरी येऊन सरळ लिहायलाच बसलो.   सांगूनच टाकतो —

नाही, आधी आबा कोण ते सांगायला हवं.

आबा म्हणजे माझे वडील. सोलापुरात गिरणीत कामाला. सिद्धेश्वराच्या यात्रेत एका नंदीध्वजाचा मान आमच्या घराकडे — आम्ही नुसतं काठी म्हणतो. घरांच्या माळवदांहून उंच, सजवलेली, जड. ती कमरेच्या पट्ट्यात रोवून, बाराबंदी घातलेले आबा गर्दीतून निघाले की त्यांच्याकडे बघताना श्वास अडकायचा. वर्षभर गिरणीत माग चालवणारा माणूस त्या दिवशी कुणी वेगळाच असायचा.

मी मिशनच्या शाळेत शिकलो, पुढं तिथंच मास्तर झालो आणि ख्रिस्ती झालो. मनापासून झालो, त्याबद्दल आजही माझ्या मनात किंतु नाही. आबा एवढंच म्हणाले, “तुजा देव बी चांगलाच आसंल की. माजा माज्यापाशी ऱ्हाऊ दे.” आणि नाताळात आमच्या प्रार्थनामंदिरावर कागदाची चांदणी बांधायला चढले कोण? आबाच. खालून पाळकसाहेब काळजीनं “उतरा, उतरा” म्हणत होते. आबा वरून म्हणाले, “सायेब, काठी पेलनारा मानूस हाय मी. तुमची चांदनी काय जड हाय व्हय?” सगळी मंडळी हसली. आबांना माझा देव कधी खुपला नाही. मलाच त्यांचा खुपत होता. त्यांच्या आत्म्याची काळजी होती म्हणून? की माझा बाप ख्रिस्ती मंडळीबाहेर राहिला याची लाज वाटत होती? तेव्हा विचारलं असतंत, तर मी छातीवर हात ठेवून ‘प्रेम’ म्हटलं असतं.

मग एका वर्षी, संक्रांत तोंडावर असताना, आबा तापानं पडले. डॉक्टरांनी आशा सोडली. मी धावत जाऊन आबांच्या बाप्तिस्म्यासाठी पाळकसाहेबांना आणलं. ते ओट्यावरच थांबले. म्हणाले, “मी समोर आलो तर ते भिडेपोटी हो म्हणतील. तसा हो देवाला नको. तू एकटा जाऊन विचार. जे म्हणतील तेच मला येऊन सांग.”

मी आत गेलो. कानाशी वाकून विचारलं. आबा पूर्ण शुद्धीवर होते. माझ्या गालाला हात लावून म्हणाले, “न्हाय रं लेकरा. माजी काठी हाय की.” मग डोळे मिटले आणि तापात बुडाले.

मी बाहेर आलो. आणि म्हणालो, “हो म्हणाले.”

झालं. हेच ते.

पाळकसाहेबांनी कपाळावर पाणी घातलं. आबांना त्याचा पत्ताही नव्हता. आणि पहाटे — काय सांगू तुम्हांला — ताप उतरला. बातमी पसरली. अंगणात मंडळी जमली, पेटी आली, टाळ आले, लोक गात गात रडत होते. आणि मी? मी सगळ्यांत मोठ्यानं गात होतो. अंग फुलून आलं होतं. देवानं माझ्या खोट्यावर शिक्का मारला असं मी मानलं. असा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही, आणि त्याच आनंदाची मला आज सर्वांत जास्त शरम वाटते.

आबांनी अंथरुणातून विचारलं, “ह्ये काय चाललंय?” मी म्हणालो, “आबा, तापात तुम्ही हो म्हणालात. तुमचा बाप्तिस्मा झाला.”

 ते आढ्याकडं बघत म्हणाले, “म्हनलो आसंल तर म्हनलो. देवाला दिल्याला सबूद हाय, त्यो काय माघारी घ्यायचा आसतो?”

आणि त्यांनी काठी सोडली. त्यांनी कधी न दिलेला शब्द ते पाळत राहिले. काठी त्यांच्या धाकट्या भावाकडं, आमच्या तात्यांकडं गेली. तात्या भर रस्त्यात म्हणाले, “का वो किरिस्तावसायेब, काठी जड झाली व्हय?” आबा खाली बघून हसले. पुढं दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. दर संक्रांतीला आबा रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. काठी समोर आली की त्यांचा हात आपोआप कमरेशी जायचा — पट्टा सारखा करायला. पट्टा नसायचा.

मरायच्या आधी एकदा त्यांनी विचारलं, “मी खरंच हो म्हनलो व्हतो व्हय रं?”

ज्यानं माणसाला नाही म्हणायची मोकळीक दिली, त्या देवाचं नाव घेणारा मी. मी म्हणालो, “हो, आबा.”

आबांना आम्ही क्रुसाखाली पुरलं. तात्या आले नाहीत. तात्या आता थकले आहेत. आज त्यांच्या मुलानं काठी पेलली, आणि ते मागून हातातली साधी काठी टेकत चालले होते. भावानं आपला मान लाथाडला असंच ते अजून समजतात.

त्यांच्या दारात जाऊन मला सांगायचं आहे की आबा नाही म्हणाले होते. ते अजून सांगितलेलं नाही.