सासूबाईंचा फोन आणि धाकटी गौर

आमच्या सासूबाईंचा फोन घरात फक्त महालक्ष्मीला ओळखतो.

हे मला कळलं ते भर पूजेत. समोर गौरी बसलेल्या, ताटात सोळा भाज्या वाढलेल्या, खोलीभर बायका, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मुठीत अक्षता धरून म्हणाल्या, "वनिता, फोन आण गं. कहाणी वाचू या. मग पानं घ्यायची."

मी फोन उचलला. तोंडासमोर धरला. फोन थरथरला. ‘चेहरा जुळत नाही.’

अगं बाई! काल तर जुळला होता! मी कपाळावरचा घाम पुसला, पदर मागे केला, नथ काढली, परत धरला. फोन परत थरथरला. आता फोनही थरथरतोय आणि मीही. कोण जास्त, ते सांगता यायचं नाही.

"काय झालं?" आई म्हणाल्या.

"काही नाही आई, नेटवर्क!"

(फोटो बघायला नेटवर्क लागत नाही, हे मलाही माहीत आहे. पण घाबरलं की माझ्या तोंडातून नेटवर्कच निघतं.)

आता तुम्ही म्हणाल, कहाणी फोनमधून कशाला? तर आम्ही राहतो काशीत, संकठाजीच्या गल्लीत. सात पिढ्या इथंच. पण मराठी कहाण्यांचं पुस्तक इथं शोधून सापडत नाही. घरातलं जुनं होतं, ते मागच्या साली गंगेला पूर आला तेव्हा ओल लागून त्याचा नुसता लगदा झाला. म्हणून नागपूरच्या ताईंनी, माझ्या नणंदेनं, आपल्या पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून आईंच्या फोनवर पाठवलेले. कहाणी झाल्याशिवाय नैवेद्य नाही, नैवेद्याशिवाय जेवण नाही, आणि आई सकाळपासून कडक उपाशी.

त्यात यंदा गौरी पहिल्यांदाच माझ्या हातून उभ्या राहिलेल्या. आईंनी सगळं माझ्यावर सोडलेलं. आणि दुर्गाघाटावरच्या मावशींनी, आईंच्या थोरल्या बहिणीनं, आल्या आल्याच सगळ्यांदेखत म्हटलेलं, "आठवी पास सून तुझी. बघ हं, काही तरी गडबड करणार." मावशी समोरच पाटावर बसलेल्या. गडबडीचीच वाट बघत!

गडबड मी कालच करून ठेवलेली, फक्त मला माहीत नव्हती.

काल आईंनी एवढंच सांगितलं होतं की फोन चार्जिंगला लाव. एवढंच! पण आमची पिंकी तीन वर्षांची, तिच्या बोटांना चैन नाही. आदल्या दिवशी तिनं आजीच्या फोनवरून बाबांच्या, म्हणजे माझ्या भिक्षुक सासऱ्यांच्या, एका यजमानाला फोन लावला आणि त्यांना अख्खं ‘मछली जल की रानी है’ ऐकवलं. मी म्हटलं, ही उद्या कहाणीचे फोटोच उडवेल. कुलूप लावावं. आई किती खूश होतील! सून आठवी पास, पण बघा, फोनला चेहऱ्याचं कुलूप लावते!

म्हणून गौरींचे मुखवटे पुसता पुसता फोन रव्याच्या डब्याला टेकवून ठेवला नि बसले. आधी त्यानं कुलपाचा नंबर मागितला. टाकला. परत मागितला. परत टाकला. तेवढ्यात तिकडं दूध उतू, इकडं पिंकी फुलवाती खातेय, मी धावले, आले, बसले. फोन म्हणतो, ‘डोळे नीट उघडा.’ उघडे होते हो! माझे डोळेच तेवढे! मी आणखी ताणले. ‘डोळे नीट उघडा.’ मरू दे म्हटलं, आणि तोवर धाकट्या गौरीची नथ सरळ बसते का ते बघायला तिचा मुखवटा समोर धरला. फोन म्हणाला, टिंग! ‘चेहरा मिळाला.’

मला वाटलं, माझाच. इतका आनंद झाला की विचारू नका.

तर आता भर पूजेत माझा चेहरा कुणी ओळखेना. नंबर टाकावा तर तो डोक्यातून साफ गेलेला. लग्नाची तारीख टाकली, नाही. पिंकीची जन्मतारीख, नाही. फोन म्हणाला, जरा वेळ थांबा. मी रडायच्या बेतात, फोन तसाच हातात धरून गौरींकडे वळले, मनात म्हटलं, बाई गं, तूच बघ आता...

टिंग!

उघडला की हो!

मी बघते फोनकडे. बघते धाकट्या गौरीकडे. ती आपली मोठ्ठे डोळे करून माझ्याकडे. आणि मग मला आठवलं. रव्याचा डबा. नथ. टिंग.

"मिळालं का नेटवर्क?" मावशी.

"मिळालं, मिळालं!" मी फोन आईंसमोर धरला.

आई वाचायला लागल्या. "आटपाट नगर होतं. तिथं एक गरीब ब्राह्मण होता..." दोन वाक्यं झाली आणि फोन झोपला. मिनिटभर बोट लागलं नाही की झोपतो तो! आईंच्या मुठीत अक्षता, त्या कशाला बोट लावतील? मी उठले, गौरींपाशी गेले, धाकटीसमोर फोन धरला, टिंग, परत आले. आई पुढं वाचू लागल्या. परत झोपला. परत उठले. टिंग.

तिसऱ्या खेपेला मावशी बोलल्याच. "ए वनिता, हे काय मधे मधे? कहाणी सोडून देवीला काय दाखवतेस?"

नेटवर्क म्हणावं तर देवीकडे नेटवर्क कसं? मी म्हटलं, "मावशी, ते... आरसा. आरशासारखं."

आई म्हणाल्या, "आरसा? आपल्याकडे नाही गं ही पद्धत."

झालं! गडबड पकडली! मी डोळेच मिटले. पण मावशींना एखादी पद्धत माहीत नाही, असं आजवर कधी घडलेलं नाही आणि त्या घडूही देत नाहीत. त्यांनी मान हलवली. "आहे, आहे. दर्पण! देवीला दर्पण दाखवतात. तुला कुठून माहीत असणार? आमच्या सासरी कहाणीच्या दर चार ओळींनी दाखवायचे. चांदीचा होता. आता राहिलाय कुठं चांदीचा!" आणि माझ्याकडे बघून चक्क हसल्या. "पोरीला कुणी तरी नीट शिकवलंय हो."

मी दर चार ओळींनी दर्पण दाखवत बसले. उठ-बस, उठ-बस. गुडघे बोलायला लागले. कहाणीतला ब्राह्मणसुद्धा एवढा हिंडला नसेल.

अर्धी कहाणी झाली आणि लाइट गेली.

आमची गल्ली अशी की भर दुपारी ट्यूब लावल्याशिवाय आपलाच हात दिसत नाही. समईच्या उजेडात फोन धरला. ‘उजेड कमी आहे.’ बाई गं! मग मी काय केलं, एका हातात निरांजन घेतलं, दुसऱ्या हातात फोन, आणि निरांजन धाकटीच्या तोंडासमोर वर नेलं, खाली आणलं, डावीकडे, उजवीकडे. कुठून तरी उजेड पडू दे गं बाई!

शेजारच्या मिश्राइन चाची हळदीकुंकवाला लवकर आलेल्या. त्यांना मराठी येत नाही, पण निरांजन हलतंय एवढं दिसलं. त्या ताडकन उठल्या. "अरे, आरती शुरू हो गई!" आणि घंटा उचलून वाजवायलाच लागल्या. घंटा वाजली म्हटल्यावर बाकीच्या बायका बसून कशा राहतील? सगळ्या उभ्या, सगळ्यांच्या टाळ्या सुरू, अर्ध्या मराठी आरती म्हणतायत, अर्ध्या हिंदी, आणि मधे मी, एका हातात निरांजन, एका हातात फोन, अक्षरशः घाम गाळतेय.

"अगं, कहाणी अर्धी आहे!" आई ओरडताहेत.

"असू दे गं, देवीची इच्छा!" मावशी गाता गाताच ओरडल्या.

टिंग!

त्या गलक्यात फक्त मलाच ऐकू आलं. मी फोन छातीशी धरून आईंकडे पळाले, या वेळी बोट त्यावरून काढलंच नाही, आणि आईंनी उरलेली कहाणी एका दमात संपवली. इतकी वर्षं ऐकलेली, पण एवढ्या जोरात आमच्या घरात ती कधी वाचली गेली नसेल. घंटेच्या वर आवाज न्यायचा होता ना! लाइट आली. नैवेद्य झाला. पानं बसली. आईंनी पहिला घास घेतला आणि मला वाटलं, वाचले. सोळाच्या सोळा भाज्या वाढताना मी गुणगुणत होते.

तेवढ्यात आईंनी जेवता जेवता डाव्या हातानं फोन उचलला. ताईंना जेवणाचा फोटो पाठवायचा म्हणून. फोन थरथरला. परत उचलला, परत थरथरला.

"काय गं हा? माझ्याकडे बघून थरथरतो का?"

आणि आमची पिंकी, पुरणपोळीनं तोंड भरलेलं, म्हणते, "आजी, तो गौराईचा आहे. तिला दाखव. आई तिलाच दाखवते."

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. आई भरल्या पानावरून उठल्या नाहीत, पण फोन माझ्या हातात दिला. "दाखव बघू."

दाखवला. टिंग.

मी म्हटलं, संपलं. आता माहेरी पाठवतात. गाडी कुठली मिळेल, अमरावतीला जायला बदलावी लागेल का, पिंकीचे कपडे कुठल्या बॅगेत, सगळं मनात होऊन गेलं. आणि आईंना असं हसू फुटलं, असं फुटलं की ठसका लागला. मिश्राइन चाचींनी पाठ चोळली. "अगं, म्हणजे मी नको, तू नको, माझ्या फोनला थेट महालक्ष्मीच पाहिजे!" डोळ्यांतून पाणी काढत त्या मावशींकडे वळल्या. "आणि ताई, तुझ्या सासरच्या चांदीच्या दर्पणाला नंबर काय होता गं?"

मावशींनी मान खाली घालून कढी मागितली. दोनदा मागितली.

दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून गौरींना निरोप दिला. माझा जीव परत टांगणीला. देवी तर गेली, आता फोन नुसता मुखवटा ओळखेल का? ओळखला हो! नागपूरच्या ताईंना फोन करून विचारलं, तर त्या म्हणतात चेहरा बदलायलाही तो जुना नंबरच लागतो, आणि दुकानात नेला तर सगळं पुसलं जाईल. आई म्हणाल्या, "काही पुसायचं नाही. वनिताला आठवेल तेव्हा आठवेल."

म्हणून थोरली पेटीत गेलीय आणि धाकटी अजून इथंच आहे, टीव्हीशेजारी. आई बाजारात जाताना तिला मऊ फडक्यात गुंडाळून भाजीच्या पिशवीत घेतात. काल भाजीवाल्यासमोर फोन उघडायला मुखवटा बाहेर काढला, तर त्यानं तराजू सोडून हात जोडले. "माताजी खुद आई हैं!" कोथिंबीर फुकट दिली, वर मिरच्या. आई इतक्या खूश आहेत की नंबर आठवू नये असंच आता त्यांना वाटतंय.

आणि आज सकाळी, पितृपक्ष लागलाय तरी, बाबा आपला फोन घेऊन माझ्याकडे आले. "सूनबाई, आमच्याही फोनला ते कुलूप लावून द्या. यजमानांचे नंबर आहेत, पिंकी उडवेल."

मी त्यांच्यासमोर बसलेय. हातात फोन आहे. फोन म्हणतोय, ‘चेहरा समोर आणा.’ आणि बाबांच्या बरोबर मागे, श्राद्धासाठी पुसून हार घातलेला, आजेसासऱ्यांचा फोटो आहे. डोळे चांगले मोठ्ठे, नीट उघडे.

आता खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?