धनगराच्या कुत्र्याचं इंग्रजी नाव

मॅट्रिकला इंग्रजीत बरे गुण मिळाले, एवढ्यावरच बारामतीत लोक मला इंग्रजीचा जाणकार समजत. वासरांत लंगडी गाय शहाणी! एकोणीसशे तीसच्या दशकातली गोष्ट. मी बावीस वर्षांचा होतो, शाळेत मास्तर. संध्याकाळी बिऱ्हाडाच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून देत असे. वरचा नमस्कार आणि खालचा ‘आज्ञाधारक सेवक’ पाठ होता, मधला मजकूर तेवढा बदलायचा. असे पन्नासेक अर्ज खरडल्यावर आपल्याला खरंच इंग्रजी येतं असं मलाही वाटू लागलं होतं.

एका दुपारी शाळा सुटताना कळंबकडचा एक धनगर दारात येऊन उभा राहिला. साठीचा असावा, मी त्याला आबाच म्हणू लागलो. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने पांढरे झालेले. रानाला खत मिळावं म्हणून एका बागायतदाराने त्याची मेंढरं कालव्याकडेच्या शेतात बसवून घेतली होती. शेजारीच कालव्यावरच्या साहेबाचा बंगला. साहेबाचं पांढरं, एवढंसं कुत्रं हुंदडत मेंढरांत शिरलं आणि धनगराच्या कुत्र्याने त्याची मान धरली. मेलं नाही, पण रक्त निघालं. शिपायांनी धनगराचं कुत्रं पकडून बंगल्यात बांधून घातलं.

“सायेब म्हनतो, मोकाट गावठी कुत्रं हाय, उद्या सकाळी गोळी घालनार,” आबा सांगत होता. “मालकाचं आसंल, बऱ्या जातीचं आसंल, तर तसं इंग्रजीत लिवून आना म्हनला.”

“दुसरं कुत्रं नाही का तुमच्याकडं?”

“हुतं. त्येला लांडग्यानं फाडलं. आता ह्यो एकलाच ऱ्हायलाय. ह्यो गेला तर म्या मेंढरं कुनाच्या जिवावर सोडू?”

मी टाक शाईत बुडवला. “जात कोणती कुत्र्याची?”

“आता जात काय सांगू? त्येची आय नरसिंगपूरच्या धनगरांकडची. लई कडक. तिची आय नीरेपल्याडची, तिनं दोन लांडगं लोळवल्यालं.” धनगरांत कुत्र्याची ओळख अशी आईकडून सांगतात. कुणाच्या कळपावरची कुत्री, आणि ती कशाकशाला भिडली. त्याने पाच पिढ्या म्हणून दाखवल्या. मला माझ्या स्वतःच्या तीनच येत होत्या. पण यातलं अर्जात काय घालायचं?

शाळेच्या कपाटातून चित्रांचा जाडजूड इंग्रजी कोश आणला. मेंढरं राखणारा म्हणून ‘शीपडॉग’ सापडला आणि मी मांडीवर थाप मारली. शेजारच्या चित्रात डोळ्यांवर झिपऱ्या आलेलं, अंगभर लोकर असलेलं काहीतरी बसलं होतं.

आबाने कोश जवळ ओढला, लांब धरला. “ह्ये तर मेंढरूच हाय की वो, मास्तर.”

त्याचं कुत्रं लांब पायांचं, कंबर मुठीत मावेल असं. शीपडॉग लिहावं आणि साहेबाने बांधलेल्या कुत्र्याकडे बघावं, तर अर्ज खोटा. ‘कंट्री डॉग’ लिहावं, तर साहेब तरी दुसरं काय म्हणत होता? पानं उलटता उलटता एक चित्र दिसलं आणि आबा ओरडला, “ह्योच! ह्योच त्यो!” खाली लिहिलं होतं, ग्रेहाऊंड. आता ग्रे म्हणजे करडा, एवढं मला येत होतं, आणि कुत्रं होतं तांबडं. तांबडा ग्रेहाऊंड असतो का? विचारायचं कुणाला? हेडमास्तर पुण्याला गेलेले. मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. तीन कागद वाया गेले. डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी ‘ग्रे’ उडवला आणि नुसतं ‘हाऊंड’ ठेवलं. कोशात अर्थ दिला होता, शिकारी कुत्रा. तो जरा खटकला, पण शब्दाला रुबाब होता. मग हात आखडता कशाला घ्या? ‘शुद्ध रक्ताचा हाऊंड’ असं ठोकून दिलं.

“काय लिवलं?” आबाने विचारलं.

“खानदानी शिकारी कुत्रं.”

“शिकारीचा न्हाय त्यो. ससा म्होरून गेला तरी मेंढरं सोडून हालत न्हाय. राखनीचा हाय.”

“इंग्रजीत असंच लिहितात, आबा.” तसं लिहितात की नाही, मला काय कप्पाळ ठाऊक होतं! पण म्हणालो खरा.

सकाळी मीही त्याच्याबरोबर बंगल्यावर गेलो. माझ्या अर्जाचा पराक्रम मला बघायचा होता. साहेबाने कागद वाचला, भुवया वर केल्या आणि थेट कुत्र्यापाशी गेला. भोवती फिरला, फासळ्या चाचपल्या, दात पाहिले. मग हसत हसत माझ्याशी भरभर बोलला. चारातला एक शब्द मला कळत होता. पण तो खूश आहे हे दिसत होतं.

“वाचला, आबा!” मी म्हणालो. आबाने पागोटं काढून जमिनीला डोकं टेकलं.

शिपायाने दोर सोडला. पण कुत्रं आमच्याकडे न आणता तो मोटारीकडे का निघाला, ते मला उमजेना. साहेबाने आबापुढे नोट धरली आणि मला सावकाश, एकेक शब्द तोडून सांगितलं, की असा हाऊंड मेंढरांमागे फुकट चाललाय. तो मी शिकारीला नेतो, म्हणाला.

आबाने दोन्ही हात पाठीमागे घेतले. “कुत्रं इकत न्हाईत आमच्यात. पिल्लू मागून आनायचं, मागंल त्येला द्यायचं. सांगा की सायबाला, मास्तर!”

काय सांगू? पन्नास अर्जांतलं एक वाक्य जिभेवर येईना. “नॉट हाऊंड, सर,” एवढंच कसंबसं निघालं. साहेबाने हातातल्या कागदावर बोट ठेवलं. अक्षर माझंच होतं.

मोटार साहेबाच्या पुढच्या मुक्कामाकडे, इंदापूरच्या रस्त्याला लागली. कुत्रं मागच्या काचेतून आमच्याकडे बघत होतं. भुंकलं नाही. आम्ही दोघं कालव्याच्या कडेला येऊन बसलो. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “आबा, निदान जीव तरी वाचला त्याचा.”

“व्हय,” आबा म्हणाला. त्याने पागोटं पुन्हा डोक्याला गुंडाळलं. मग म्हणाला, “गोळी घातली आसती तर म्या हातानं पुरला आसता. आता त्यो तितं रोज वाट बघंल. आनि म्हनंल, म्हाताऱ्यानं दिऊन टाकला.”