पालथ्या तांब्यावरचा पेला

पहाटे सगळे झोपेत असताना झालेल्या भूकंपानंतर आम्ही किल्लारीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. आईनं टीव्हीवर तांब्या पालथा घालून त्याच्या बुडावर पेला ठेवलेला असायचा. जमीन हलली की पेला पडणार आणि आपण बाहेर पळायचं. तेव्हा घरोघरी हेच होतं.

रविवारी सकाळी राजकन्येची मालिका लागायची. त्या भागात शाप लागलेली राजकन्या महालात झोपलेली होती. राक्षस चालत आला आणि महाल हादरायला लागला. "अगं ऊठ की, भायेर पळ!" आई टीव्हीला ओरडली. तेवढ्यात मालिकेतले ढोल असे वाजले की टीव्ही थरथरला आणि पेला खणकन खाली पडला. आम्ही पळालो. आम्हाला बघून सगळी वस्ती पळाली. जमीन तर ढिम्म! परत आलो तर भाग संपून साबणाची जाहिरात चालू.

मला असा राग आला! पेला ठेवायला दुसरी जागा नव्हती का? आठवडाभर मी आईशी धड बोललो नाही, आणि ती मात्र येईल त्या बाईला विचारायची, "वाचली का वो ती पोरगी?"

पुढच्या रविवारी राजकन्या धुरळ्यातून धडधाकट चालत आली. आईनं केवढा तरी श्वास सोडला.

"झोपेत होती, तरी वाचली बघ," ती म्हणाली.

मग तिनं टीव्हीवरचा पेला काढला, त्यातून घटाघटा पाणी पिऊन तो विसळला आणि बाकीच्या पेल्यांत ठेवून दिला.