झरीच्या वाटेवर चुकलेली भक्ती

माझे सासरे, आमचे पप्पा, चर्चचे निवृत्त पाळक. वय अठ्ठ्याहत्तर. झरी जामणी तालुक्यातल्या एका जंगलगावात त्यांनी तरुणपणी छोटी ख्रिस्ती मंडळी उभी केली आणि हंगामाच्या उपकारस्तुतीचा, म्हणजे पीक आल्यावर देवाचे आभार मानायच्या उपासनेतला, उपदेश तेव्हापासून दरवर्षी तेच देत आले. गेल्या वर्षी ‘हा शेवटचा’ म्हणाले, तेव्हा गाडी मी चालवायचं ठरलं. चारपर्यंत घरी परतून शाळेच्या वह्या तपासायच्या, असा माझा बेत होता.

रविवारी सहाला यवतमाळ सोडलं. पांढरकवड्यापर्यंत रस्ता उत्तम. तिथे तर्रीपोहे खाल्ले. खरं तर मीच खाल्ले. पप्पांना दोन चमच्यांनंतर मी घाई करून उठवलं. तुम्ही जाणार असाल तर पेट्रोल आणि पाणी इथेच भरून घ्या. पुढे सागाचं जंगल लागतं आणि फोनची रेंज येते-जाते.

जंगलातल्या एका चढावर क्लच गेला. रेंज सापडून मेकॅनिक येईपर्यंत तास गेला आणि तेवढ्यात पप्पांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मधुमेहाची गोळी घेतलेली आणि पोटात दोन चमचे पोहे. गाडीत साधं बिस्किटही नव्हतं. पिकअप घेऊन आलेल्या मेकॅनिक रफिकभाईंनी बॉनेटकडे बघितलंच नाही. आपल्या थर्मासमधला गोड चहा त्यांनी पप्पांना घोट घोट पाजला.

“पहिले बाबांले पाहू, मॅडम. गाडी कुठी पळून नाही जात.”

पांढरकवड्याच्या डॉक्टरांनी त्या दिवशी पुढचा प्रवास नको म्हणून सांगितलं. क्लच प्लेट यवतमाळहून सोमवारी येणार होती. रफिकभाईंनी आम्हाला लॉजवर जाऊ दिलं नाही; त्यांच्या बायकोने, शबानाताईंनी, पुढच्या खोलीत गादी घातली आणि वरण-भात वाढला.

मी जंगलगावातल्या मंजुळाबाईंना फोन केला. चर्चची किल्ली त्यांच्याकडे असते. भक्ती रद्द करा, म्हटलं; उपासनेला आम्ही भक्तीच म्हणतो. त्यावर त्या म्हणाल्या, शेजारच्या गावातले लोकही येऊन बसलेत. पप्पांनी फोन मागून घेतला आणि “मंजुळा, तू घे भक्ती,” एवढंच बोलले. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

थोड्या वेळाने मी सकाळच्या घाईबद्दल माफी मागितली आणि रफिकभाईंना काही मदत हवी का बघायला उठले.

“बस ना बेटा,” पप्पा म्हणाले. “माफी मागतेस आणि लगेच कामाले लागतेस. आज प्रार्थना तू कर.”

पाळकाच्या घरातली सून असून मी ते काम नेहमी त्यांच्यावरच सोपवलेलं. आधी काही सुचेना. मग देवाला सांगितलं, की या माणसाला मी आज गमावलं असतं आणि तरी मनात वह्यांचा गठ्ठा होता. पप्पा ‘आमेन’ म्हणाले आणि शांत झोपले. मी तिथेच बसून राहिले. कित्येक महिन्यांत देवासमोर अशी रिकाम्या हातांनी बसले नव्हते.

सोमवारी दुपारी गाडी मिळाली. परत फिरायचं की पुढे जायचं, हे मी पप्पांना विचारलंसुद्धा नाही. गाडी झरीकडे वळवली.

मंजुळाबाई चर्चच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. कोलाम समाजातल्या, पन्नाशीच्या, कधी चार लोकांत न बोललेल्या. काल काय केलं म्हणून पप्पांनी विचारलं.

“मले वाचता कुठी येते, पाळकसाहेब? माह्या घरचं छप्पर उडालं तवा महिनाभर या चर्चमंधी राहलो, अन् देवानं कसं सांभाळलं, थेच सांगितलं. अर्धं कोलामीत. म्हाताऱ्या रडल्या.”

पप्पांच्या मनाला लागलं असावं, असं मला वाटलं. मग गुडघे सांभाळत ते खाली सतरंजीवर बसले आणि म्हणाले, “आता मले सांग. पूर्ण सांग.”

मंजुळाबाईंनी सांगितलं, पप्पांनी ऐकलं. शेवटी पप्पा एवढंच म्हणाले, की चाळीस वर्षं मी इथे येत राहिलो आणि हिला बोलायला जागाच ठेवली नाही. नंतर भाकरी, वांग्याची भाजी आणि हसणं-खिदळणं.

या गोष्टीला वर्ष होईल. त्या रविवारी वेळेवर पोचलो असतो तर एक चांगला उपदेश ऐकून मी चारला घरी आले असते. आता रोज सकाळी पप्पांचा नाश्ता होईपर्यंत मी शेजारी बसते आणि प्रार्थना माझ्या शब्दांत करते. अजूनही अडखळते, पण करते.

परवा मंजुळाबाईंचा फोन आला. यंदाच्या उपकारस्तुतीचं पप्पांना आमंत्रण आहे. ऐकायला या, म्हणाल्या.