बैठकीला एकट्यानं

परतूरच्या मोंढ्यात आम्हा दोघा भावांचं आडतीचं दुकान होतं आणि आम्ही दोघंही प्यायचो. जालन्यात एका शाळेच्या खोलीत दर रविवारी दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते, हे धाकट्यानं कुठूनतरी ऐकलं. तो मला म्हणाला, "दादा, तू संग चल. एकट्याला जायची लाज वाटून राह्यली."

मी हसलो. "आपण काय बेवडे हाओत का? तुला जायचं तर जा."

तो गेला नाही. पुढच्या वर्षी त्याचं लिव्हर निकामी झालं आणि त्यातच तो वारला.

त्यानंतरही दोन वर्षं मी पीतच राहिलो. एका रविवारी सकाळी हात इतके थरथरले, की चहाचा कप धरता येईना. तशीच जालन्याची रेल्वे पकडली. शाळा स्टेशनपासून जवळच निघाली. मुलांच्या बाकांवर दहा-बारा माणसं अवघडून बसली होती. दारातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पहिल्यांदाच आलात? बरं केलं. बसा, बोलायची जबरदस्ती न्हाई."

माझी पाळी आली तेव्हा स्वतःबद्दल एक शब्द फुटला नाही. भावाबद्दलच बोललो आणि रडलो. कोणीच मला दोष दिला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता दीड वर्ष झालं, मी दारूला शिवलो नाही. परवा धाकटी भावजय म्हणाली, "दादा, तुम्ही सोडली, लई चांगलं केलं." धाकट्यानं मला बैठकीला सोबत बोलावलं होतं, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.