अर्धेलीची पिल्लं

जावा-जावांचं पटत नाही असं म्हणतात. आमचं पटायचं, आणि मला त्याचा फार माज होता. थोरल्या जावेचं घर माझ्या घराला लागूनच, मधे फक्त एक शेवगा. तिच्याकडे भाकरी झाली की पहिली माझ्या ताटात, माझ्याकडे मासळी आली की आधी तिचा वाटा काढलेला. वाडीतल्या बायका चिडवायच्या, "तुमचं दोघींचंच लगीन लागलंय व्हय गो?" मी फुशारून हसायचे. अशी अठरा वर्षं गेली.

आमच्या तळा तालुक्यातल्या खेड्यांत कोंबड्या अर्धेलीनं वाढवायची रीत आहे. एकीनं अंडी द्यायची, दुसरीनं आपली उबवायला आलेली खुडूक कोंबडी त्यांवर बसवायची, आणि पिल्लं तीनेक आठवड्यांची झाली की निम्मी निम्मी घ्यायची. वाटणीही ठरलेली असते. सगळी पिल्लं बांबूच्या उपड्या डालग्याखाली कोंडतात, आणि दोघींनी आळीपाळीनं, न बघता, खाली हात घालून एकेक बाहेर काढायचं. हाताला लागेल ते आपलं. तुरतुरीत निघालं तरी आपलं, मरतुकडं निघालं तरी आपलं. यात निवडीला जागा नसते, म्हणून भांडणालाही नसते.

त्या वर्षी उन्हाळ्यात मुंगसानं माझ्या चार कोंबड्या नेल्या. उरली ती एकच, आणि ती अंडी द्यायची पण बसायचं नाव घ्यायची नाही. तेव्हा तिची अंडी साठवून मी जावेकडे दिली. तिच्या कोंबडीखाली बारा पिल्लं निघाली. त्यातल्या माझ्या सहांवर माझं अंगण पुन्हा भरायचं होतं. नवरा माणगावला कंपनीत, शनिवारचा येणार. दिवसभर घरात मी एकटी. कोंबड्यांचा कलकलाट नसला की मला ते घर खायला उठतं. त्यामुळे त्या पिल्लांचे मी दिवस मोजत होते.

वाटणीच्या दिवशी आमची लावणी होती. संध्याकाळी चिखलानं भरलेले पाय धूत होते, तर जाऊच टोपली घेऊन दारात. वर फडकं झाकलेलं. "तू दमलीस गो, म्हून मीच वाटे केले. तुझी सहा आनली."

डालगं नाही, हात घालणं नाही. मला खटकायला हवं होतं. उलट मला तिची माया वाटली, बघा! फडकं काढलं तर पिल्लांची डोकी ओली. पाऊस लागला असेल म्हटलं. शेवग्याखालून यायला दहा पावलं, वर फडकं, आणि भिजली ती फक्त डोकी. पण विश्वास बसलेला असला की माणूस दिसतं तेही बघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांचे डोळे चिकटलेले. तिसऱ्या दिवशी सहाही पिल्लांचे. पापण्या सुजून वाटाण्याएवढ्या, कडेला फेस, आणि वास असा की ओंजळीत घेतलं की नाक फिरवावं. आंधळी झालेली पिल्लं कण्यांच्या ताटलीत उभी राहून उपाशी मरतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं. दाणा पायाखाली असतो, पण दिसत नाही म्हणून टिपत नाहीत.

मला वाटलं, दोष माझ्या घराचा. लावणीच्या गडबडीत खुराड्यातलं तूस बदललं नव्हतं, ओल धरली होती. मी सगळं तूस उपसलं, चुना मारला, कोरडी राख पसरली. आणि मग जावेकडे जाऊन रडले. खरंच रडले. म्हटलं, "ताई, तुझ्याकडं कशी गुटगुटीत व्हती. माझ्या हातात आली आनि तीन दिवसांत वाट लागली."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "असूं दे गो. तुझा काय दोष न्हाय. मीठपान्यानं धू." तिच्या अंगणात तिची सहा पिल्लं आईमागे पळत होती, डोळे कसे मण्यांसारखे. मी त्यांच्याकडे बघून आणखी रडले, आणि तिनं मला चहा पाजला.

मग मी कामाला लागले. पाणी उकळायचं, चिमूटभर मीठ टाकायचं, कोमट होऊ द्यायचं. पिल्लू फडक्यात गुंडाळून मांडीत घ्यायचं, चोच तेवढी बाहेर. ओला कापूस डोळ्यावर नुसता धरून बसायचं. खपली ओढली तर पापणीच सोलून येते, हे एका पिल्लाचं रक्त काढून शिकले. खपली आपणहून सुटली की नाकाकडून बाहेर पुसायचं. प्रत्येक डोळ्याला नवा कापूस. मग ताटलीवर नखानं टकटक करायची, कारण आवाजावर ती येतात आणि चोच मारून बघतात. दिवसातून चार वेळा, सहा पिल्लं, बारा डोळे. नवऱ्यानं फोनवर कुठलासा व्हिडिओ पाठवला, त्यात एक माणूस हळद घालत होता. मी नवऱ्याला म्हटलं, तुझ्या डोळ्यात घालून बघ आधी.

चौथ्या दिवशी एक मेलं. मी दुसरं पिशवीत घालून तळ्याला जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी पापणी उलटून आतली पिवळी गाठ दाखवली, घट्ट दह्यासारखी. म्हणाले, "ही तीन-चार दिवसांत होत नाही, बाई. आठवडा उलटून गेलाय याला."

मी म्हटलं, "माझ्याकडे येऊन चौथाच दिवस आहे."

"मग आली तेव्हाच आजारी होती. कोणीतरी डोळे धुवत असणार, म्हणून तुम्हाला दिसलं नाही." मलमाची ट्यूब काढता काढता ते सहज बोलून गेले, "तुमच्याच वाडीतल्या एक बाई आल्या होत्या मागच्या आठवड्यात. हेच मलम दिलं त्यांना. सांगितलं होतं, डोळे आलेली सहा लगेच वेगळी काढा, नाहीतर चांगली सहा पण जातील. झाली का त्यांची बरी?"

आमच्या वाडीत त्या वेळी पिल्लं दोनच घरांत होती. मी ट्यूब घेतली आणि बाहेर आले. तिनं डॉक्टरचं अगदी तंतोतंत ऐकलं होतं. वेगळी काढली होती. माझ्या घरात. आणि माझी उरलेली एकुलती कोंबडी त्यांच्यातच फिरत होती.

परतताना रिक्षात मला आजारी पिल्लं दिल्याचा राग येत नव्हता की एक मेल्याचंही दुःख होत नव्हतं. पुन्हा पुन्हा आठवत होता तो पाठीवरून फिरलेला हात. मी माझ्या घराला, माझ्या हाताला दोष देत तिच्यापुढे रडत होते, आणि तिला सगळं ठाऊक होतं. तरी तिनं मला रडू दिलं. वर चहा दिला! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तरी भांडायला गेले नाही. आधी औषध. आठ दिवस मलम घातलं. आणखी एक गेलं. एकाचा डावा डोळा कायमचा बसला. तिघांचे उघडले, आणि माझ्या कोंबडीला काही झालं नाही. शेवटच्या पिल्लाचा डोळा उघडला तेव्हा त्यानं आधी माझ्या अंगठ्यालाच चोच मारली, दाणा समजून. मी हसले आणि लगेच रडलेही. मग पदर खोचला आणि शेवग्यापलीकडे गेले.

जाऊ ओटीवर तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच म्हटलं, "डॉक्टर तुझी चौकशी करत व्हता, ताई. पिल्लं बरी झाली का म्हनून."

तिचा हात सुपात थांबला. ती नाही म्हणाली नाही, एवढं तिचं मी मानते. म्हणाली, "कुठं ठेवनार व्हते मी? एकच खुराडं हाय माझं. बाराच्या बारा गेली असती. तुझ्याकडं निदान चार जगली. माझ्याच्यानं एवढं झालं नसतं, तू करशील ठावं व्हतं."

"मग सांगायचं व्हतंस."

"सांगितलं असतं तर घेतली असतीस?"

ती माझ्याकडे बघत होती, खरंच विचारत होती. मुंगसानं अंगण रिकामं केलेलं, लावणी अंगावर, नवरा माणगावला. तरीही मला विचार करावा लागला नाही.

"घेतली असती," मी म्हटलं. "तू नुसतं म्हनाली असतीस ना, तर घेतली असती."

तिनं नकारानं मान हलवली, आणि पुन्हा खडे वेचायला लागली. तिला ते खोटं वाटलं. अठरा वर्षं माझ्या ताटात पहिली भाकरी वाढणाऱ्या बाईला ते खोटं वाटलं.